दाजींच्या नावावर दोनशे सतरा घोडे

सारंगखेडा,
रविवार, यात्रेचा चौथा दिवस

परमपूज्य योगेंद्रदाजी,

तुमच्या मेहुण्याचा, गिरधरचा, अगदी कमरेतून वाकून नमस्कार. (इतका का वाकलो ते पुढे येईलच.) सुरत-उधन्याची हवा मानवतेय ना? गुडघा काय म्हणतो? आमची दीपमाला भाकरीसोबत टोमणेही वेळेवर वाढत असेल. इकडे सर्व क्षेम. फक्त फाटकाला एक घोडी बांधलेली आहे.

त्याचं असं झालं. आमच्या अश्वमित्र मंडळाला यंदा यात्रेतल्या घोड्यांची यादी वेबसाइटवर हवी होती. मी म्हटलं, त्यात काय! (माझी सगळी संकटं इथूनच सुरू होतात; दीपमालाला स्थळ बघतानाही मी हेच म्हणालो होतो.) व्हिडिओ बघून पायथन शिकलो. त्यात एक आयती चौकट (फ्रेमवर्क म्हणतात) मिळते. तिला घोड्याचे रकाने सांगितले, की तक्ता आणि माहिती भरायचा फॉर्म ती आपोआप मांडून देते. शहाण्यानं तिथंच थांबावं. पण मग माझी हुशारी दिसणार कुठं? मी रंगाच्या रकान्यात रंगीत ठिपके घातले, वयापुढे दाताचं चित्र काढलं आणि सोय म्हणून कुणीही तक्त्यावर बोट टेकवून तिथल्या तिथं माहिती बदलावी, असं करून ठेवलं. दुपारपर्यंत यात्रेतला प्रत्येक घोडा चार वर्षांचा, पंचकल्याणी आणि बिनखोडीचा झाला. भटू पाटलांचं खेचरसुद्धा.

मंडळ भडकलं. मग मी कुलूप घातलं: मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जाणार, तो टाकला तरच ओळ बदलणार. प्रामाणिकपणाच्या भरात स्वतःचाही अधिकार काढून घेतला. पण फॉर्म सुटसुटीत दिसावा म्हणून 'मालक' आणि 'मोबाइल' हे रकाने मी आधीच लपवले होते. आणि लपवलेल्या रकान्यात ही चौकट मुकाट्यानं तेच भरते, जे आपण नमुना म्हणून दिलेलं असतं. नमुन्याला मला घरचंच एक नाव आणि मोबाइल नंबर हवा होता. दाजी, अभिनंदन. दोनशे सतरा घोडे आणि एक खेचर, सगळ्यांचे मालक तुम्ही आहात.

काल यात्रेतल्या घोड्यांच्या स्पर्धेचा निकाल लागला. आठ वर्षं हेलपाटे घालणाऱ्या करणसिंगची घोडी पहिली आली. मानाचा फेटा बुधवारी. पण तो तक्त्यातल्या मालकालाच बांधणार, असं मंडळ म्हणतं. (तक्ता अचूक आहे, असं भाषण मीच ठोकलं होतं.) करणसिंग घोडीसकट दारात उभा. "घोडी मन्ही, खरारा मी करस, नि फेटा तुन्हा दाजीले?" मी म्हटलं, भाऊ, थोडं थांब. "मी थांबस. घोडी बी आठेच थांबी." तेव्हापासून ती इथंच, फाटकाला. तिनं आमच्या हिची, प्रमिलाची, मेथी साफ केली आहे. प्रमिला घोडीशी बोलते, माझ्याशी नाही.

बाकी ठीक. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापे.

तुमचाच,
गिरधर

ता. क. परवापासून तुमच्या मोबाइलवर आलेले चारशे ओटीपी चोरांचे नव्हते. तुम्ही मंडळाचा आणि माझा नंबर ब्लॉक केलात, म्हणून हे पत्र सुरतच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. दोन्ही नंबर सोडा आणि बुधवारच्या आत मला फोन करा. मी ओटीपी पाठवेन, तुम्ही वाचून दाखवा. तो दहा मिनिटंच टिकतो. चष्मा आधी शोधून ठेवा.

ता. क. २ नमुन्याच्या ओळीत घोड्याचा फोटो हवा होता, तिथं तुमचा लग्नातला लावला होता. खाली लिहिलंय: वय चार, चाल रेवाल, लाथ मारत नाही. ती ओळ पुसायलाही ओटीपी लागतो. दोन गिऱ्हाइकं काल पत्ता घेऊन गेली. दात बघू द्या, रागावू नका.