एकतिसाव्या बरणीतल्या चार अळ्या

प्रिय दादा,

फोन नव्हता का, पत्र कशाला, असं तू म्हणणारच. फोनवर तू मला अर्धं वाक्यही पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. गुरुवारी चौकशी समितीनं तुला बोलावलंय, हे वहिनीकडून कळलं. आपल्याकडचे किडे या परदेशी झाडांना तोंड लावत नाहीत, असं तू पंचवीस वर्षांपूर्वी लिहून दिलंस. त्या भरवशावर डोंगरच्या डोंगर लागवडीखाली आले, आणि आता सगळं खापर तुझ्यावर फोडायची तयारी चालली आहे. तू धड जेवत नाहीस, जुने कागद उपसत बसतोस, असंही ती म्हणाली.

आधी इथलं सांगते. तू निवृत्त झालास, मी अजून रोपवाटिकेला चिकटून आहे, त्यामुळे हे सगळं मला बघायला मिळालं. या झाडांखाली किती सामसूम असायची, आठवतंय? पानाला भोक नाही, फांदीवर घरटं नाही. झाडं लावलीत की खांब, असं मी तुला चिडवायचे. गेल्या सोमवारी तिथे गेले तर डोक्यावर टपटप काहीतरी पडत होतं. आभाळ कोरडं ठणठणीत. तळहात पुढे केला, तर त्यावर काळे बारीक दाणे. अळ्यांची विष्ठा होती ती. वर लाखो अळ्या चरत होत्या आणि त्यांच्या कुरतडण्याचा आवाज खाली माझ्यापर्यंत येत होता.

आणि अळ्या कुठल्या, तर आपल्याच, ओढ्याकाठच्या काटेरी झुडपावरच्या. कित्येक पिढ्या त्या एकाच झुडपाची नखाएवढी पानं खाऊन जगल्या. हे झाड समुद्रापलीकडचं, पान हाताएवढं, तेलकट, उग्र वासाचं. कोणी शिकवलं यांना? मुकादम फवारणीसाठी आरडाओरडा करत होता. नुकसान मलाही कळतं, माझा पगारही त्याच झाडांवर आहे. तरी मी त्या अळ्यांना हात जोडले, दादा, खरंच जोडले. बाईचं डोकं फिरलं, असं त्याला वाटलं असणार. कधी न फिरकलेले पक्षी आता तिथे आलेत, आणि अळ्या खाऊन इतके सुस्तावलेत की माणूस जवळ गेला तरी उडत नाहीत.

मग एक पान पायाशी पडलं. कडेनं अर्धगोल कातरलेलं. ते कातरणं मी आधी कुठे पाहिलं होतं ते आठवलं.

तेव्हाच्या त्या चाचणीत तुझ्या प्रयोगशाळेत चाळीस बरण्या होत्या, प्रत्येकीत दहा अळ्या. थोड्या बरण्यांत झुडपाची पानं, बाकीच्यांत फक्त परदेशी. रोज सकाळी पानं बदलायची आणि मेलेल्या अळ्यांची वहीत नोंद करायची, हे माझं काम. सहाव्या दिवशी परदेशी पानांवरच्या अळ्या सगळीकडे उपाशी मरून पडल्या होत्या. एकतिसाव्या बरणीत मात्र चार जिवंत होत्या, चांगल्या गुबगुबीत. आदल्याच आठवड्यात पानांच्या टोपल्या मिसळल्या म्हणून तू मला सगळ्यांदेखत झापलं होतंस. पुन्हा तेच झालं, झुडपाचं पान चुकून आत गेलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण खोटं कशाला बोलू? खाल्लेलं पान मोठं, परदेशीच होतं, कडेनं असंच अर्धगोल कातरलेलं, आणि ते मला तेव्हाच दिसलं होतं. मी बरणी कुंपणापलीकडे रिकामी केली आणि वहीत लिहिलं, 'दहाही मृत'.

त्या चौघींचीच ही पिल्लावळ आहे, असं मी म्हणत नाही. रानात अशा आणखी कितीतरी असतील. पण ती बरणी तुला दिसली असती, तर ते वाक्य तू कधीच लिहिलं नसतंस. काल मी हे सगळं समितीला सहीनिशी लिहून दिलं. गुरुवारी तुझ्या आधी मला बोलावणार आहेत. नोकरीचं व्हायचं ते होईल. चारचौघांत ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आता जुने कागद उपसू नकोस, तुझी चूक त्यांत सापडायची नाही. समितीचा फोन आला तेव्हा तू काय म्हणालास, तेही वहिनीनं सांगितलं. 'निष्कर्ष माझा चुकला असेल, पण नोंदी माझ्या बहिणीनं ठेवल्यात, त्यांवर शंका घेऊ नका.'

तुझीच,
धाकटी