मावशीचा हात

सोमवार, ता. ३

नवं गाव, नवं घर, नवी नोकरी आणि ही नवी वही. वहीला कव्हर माझ्या लेकीने घातलं. वय वर्षं आठ, तोरा साठीचा. तिच्या बाबांचा आणि त्यांच्या नव्या बायकोचा विषय या वहीत काढायचा नाही असं मी ठरवलं आहे. (पहिल्याच पानावर काढला. असो. माझा स्वभाव मेला जळका आहे, तो काही गावाबरोबर बदलत नाही.)

घरात आम्ही तिघी: मी, लेक आणि ठमी. ठमी म्हणजे नऊ वर्षांची करडी मांजर. माझ्याशिवाय कुणाच्या मांडीवर बसत नाही. लेकीलाही लांबूनच शेपटी दाखवते. खरं सांगायचं तर मला त्याचा फार अभिमान आहे.

दवाखाना घरापासून चार मिनिटांवर आहे. प्राण्यांचा, तोही तातडीचा. आधी वेळ वगैरे घ्यायची नाही, दार ढकललं की आत. मी काउंटरवर बसते. माणूस बोलायला लागतो तोवर मी प्राण्याकडे बघून घ्यायचं: श्वास कसा आहे, हिरड्या गुलाबी की पांढऱ्या, रक्त कुठून येतंय. मग लाल, पिवळी किंवा हिरवी चिठ्ठी द्यायची. लाल असेल तर तो तडक आत. हिरवी म्हणजे बसा. ‘आधी आम्ही आलो होतो’ हे आज मी अकरा वेळा ऐकलं.

डॉक्टर अबोल आहेत. दुपारी त्यांच्या बायकोचा फोन आला, तो मी आत जोडून दिला, तर त्यांनी तिलाच विचारलं, पेशंट कुत्रा की मांजर? कामाच्या तंद्रीत असतील. मी खूप हसले.

प्राणी धरायला एक साठीच्या बाई आहेत. त्यांना सगळे मावशी म्हणतात. बारीक अंगाच्या, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. मला म्हणाल्या, दमलीस ना गं, चहा घे आधी. बरं वाटलं.

बुधवार, ता. ५

डॉक्टरांनी मला भिंतीवर लावायला सूचना लिहायला सांगितल्या. येणाऱ्यांना काय होणार ते आधीच कळलेलं बरं. मी लिहिलं: नंबर येण्याच्या वेळेवर नाही, दुखण्यावर लागतो. जुनी कागदपत्रं आणा. प्राण्याने काही खाल्लं असेल तर त्याचं वेष्टण आणा, लाजू नका. येताना काही भरवू नका. मांजर पिशवीत नको, पिंजऱ्यात आणा. इथे प्राण्याला सावरतात. मोठं ऑपरेशन लागलं तर मोठ्या इस्पितळात पाठवतात. आणि घरच्यांनी टेबलापाशी रडू नये, प्राणी घाबरतो.

शेवटचं वाक्य मावशींनी सुचवलं.

संध्याकाळी एक भलामोठा कुत्रा आला, पाय काचेने कापलेला. मुसकी बांधू देईना. मालक, मालकाचा भाऊ, डॉक्टर, सगळे घामाघूम. मावशी पुढे झाल्या आणि त्याच्या कपाळावर तळहात ठेवला, बस. कुत्रा विझल्यासारखा झाला. सात टाके घातले, हूं नाही की चूं नाही.

मी पंधरा मिनिटं त्याला चुचकारत होते. माझ्यावर गुरगुरला होता.

शनिवार, ता. ८

ठमीने शिवणाचा दोरा गिळला. तोंडातून टोक लोंबत होतं. ओढायचं नाही हे मला माहीत होतं, ओढलं तर आतडं चिरतं. तिला घेऊन धावतच दवाखान्यात गेले. माझी मलाच लाल चिठ्ठी.

डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन भरलं. ते लागलंच नाही. मावशींनी कपाळावर हात ठेवला आणि ठमीने, माझ्या ठमीने, आपणहून जबडा सैल सोडला. दोरा जिभेखाली अडकला होता. निघाला.

मी उपकार मानले. मनापासून मानले असते तर इथे लिहावं लागलं नसतं.

मंगळवार, ता. ११

ठमी नीट खाते-पिते. पण मांडीवर येत नाही. खिडकीत बसते, तोंड दवाखान्याच्या दिशेला. हाक मारली तर कान हलत नाही. उचलून घेतलं तर उशी उचलल्यासारखी लागते.

मांजर म्हणे वाघाची मावशी. आमच्या वाघिणीला स्वतःलाच मावशी लागते.

दवाखान्यात मी आज मावशींशी तुटक बोलले. त्यांनी चहा पुढे केला, मी नको म्हटलं.

शुक्रवार, ता. १४

एक निवृत्त हेडमास्तर आले. बरोबर त्यांची तपकिरी कुत्री होती, अकरा वर्षांची. मागच्या महिन्यात विषारी काहीतरी खाऊन आली होती, इथे वाचली. त्यांनी टोपी हातात घेतली आणि हळू आवाजात विचारलं, ही बरी झाली, पण हिला मी कोण ते कळत नाही, यावर काही औषध असतं का? बायको गेल्यापासून घरात बोलायला ही एकटीच, असंही म्हणाले. कुत्री त्यांच्याकडे पाहत नव्हती. आतल्या दाराकडे पाहत होती.

डॉक्टर म्हणाले, रुसतात, पंधरा दिवस द्या.

दुपारी मी दवाखान्याची जुनी वही काढली. माझ्या आधी काउंटरवर असलेल्या मुलीने फोनवरच्या तक्रारी टिपल्या आहेत. ‘ओळखत नाही.’ ‘जवळ येत नाही.’ ‘दारात बसून असते.’ एकोणीस घरं. एकोणिसांच्याही पुढे, ‘कुणी धरलं’ या रकान्यात, एकच नाव.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते असं: एवढ्यांना ती हवी आहे! माझी वाट पाहणारी एक होती, तीही तिने घेतली.

(आता मी तिला अहोजाहो करणार नाही. वहीत तरी.)

सोमवार, ता. १७

सकाळी ठमी घरात नव्हती. जेवणाच्या सुट्टीत शोधत दवाखान्याच्या मागच्या बोळात गेले. लख्ख ऊन होतं. तिथे मावशीची खोली आहे. तिच्या खिडकीखाली कुत्री आणि मांजरं ओळीने बसली होती. एकमेकांना खेटून. भुंकणं नाही, फिसकारणं नाही. हेडमास्तरांची तपकिरी होती. सात टाक्यांचा पाय होता. एका सशाच्या शेजारी ठमी.

उन्हातही माझ्या अंगावर काटा आला. आणि तरी तिथे उभं राहून मी मोजत होते: तेवीस. माझ्यासाठी एखादं तरी असं बसलं असतं का?

ठमीला आणलं. दार लावलं. ती दारातच बसली.

बुधवार, ता. १९

लेक शाळेतून थेट दवाखान्यात येते, काउंटरच्या मागे अभ्यास करते. आज पायरीवरून घसरली. गुडघा फुटला, भोकाड पसरलं. मी फोनवर होते, पलीकडे एका बाईचा कुत्रा गुदमरत होता. मी तिला पोट कसं दाबायचं ते सांगत होते. एक मिनिट, फार तर दीड.

रडणं मध्येच थांबलं. कमी झालं नाही. थांबलं.

वळून पाहिलं तर मावशी तिच्यासमोर उकिडवी बसली होती. तळहात लेकीच्या कपाळावर.

गुरुवार, ता. २०

सकाळी वेणी घालताना लेक मला म्हणाली,

“तुम्ही मला शाळेत सोडाल का?”

मी म्हटलं, तुम्ही काय गं, मी काय पाहुणी आहे? ती माझ्याकडे पाहत राहिली. वाईट नजर नव्हती. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईकडे बघतात तशी. मग म्हणाली,

“राहू दे. मी जाईन एकटी. तुम्हाला उशीर होईल.”

आठ वर्षं तू म्हणाली मला. ताप असताना, रागात, झोपेत. तू. तू. तू.

शुक्रवार, ता. २१

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, मुली मोठ्या होतात. त्यांच्या टेबलावर बायको-मुलांचा फोटो आहे. त्यांनी त्यावर पेन ठेवला, रिकामी जागा असल्यासारखा. त्या दिवशी, बायकोच्या फोनवर, मी हसले होते —

मावशीला तिच्या खोलीत गाठलं. तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हणाले. माय मरो नि मावशी जगो असं लोक उगाच म्हणत नाहीत, पण माय अजून जिवंत आहे, असं ओरडले. ती हात पुसत होती. तिला राग आला नाही, तेच भयंकर.

म्हणाली, “मी कुणाला बोलावत नाही गं. भीती तेवढी काढते. तिला जे चिकटलेलं असतं तेही सुटून येतं. मी काय करू?”

आणि मग अगदी मायेने:

“तू फार जळतेस. तुझीही काढू का?”

मी पळाले.

शनिवार, ता. २२

बॅगा भरल्या. लेकीला आणि ठमीच्या पिंजऱ्याला घेऊन बसमध्ये चढले. लेक रडली नाही, हट्ट नाही. पुढच्याच थांब्यावर ती उठली, मला “येते हं” म्हणाली आणि उतरली. परत चालायला लागली. मी मागे धावले. पिंजरा बसमध्येच — नाही, ठमी आधीच बाहेर होती, तिच्या पुढे चालत —

हात धरला तर लेक थांबते. सोडला की चालते. ओढून घरी आणलं. कड्या लावल्या. खिडकीत दोघी. पाठमोऱ्या.

रविवार, ता. २३

लेक खिडकीतून उतरून गेली. मला जागेवरून उठायलाही —

बोळात आहे. तपकिरीला खेटून, ओळीच्या टोकाला, गुडघ्यांना मिठी मारून. ठमी तिच्या पावलांवर डोकं टेकून. घरी कधी टेकलं नव्हतं.

तिला उचललं. उशी. तशीच उशी.

हेडमास्तरही तिथे होते. भिंतीला टेकून, टोपी मांडीवर. ते कुत्रीकडे पाहत नव्हते. तेही खिडकीकडेच —

मावशीने पडदा सरकवला. सगळ्यांनी एकदम मान वर केली. माझी लेकसुद्धा. तो चेहरा — माझ्याकडे बघून तसा चेहरा कधी — पाळण्यात असताना, तेव्हा फक्त —

मी आत गेले असते, गळा धरला असता. पण तेवढा वेळ सगळे तिच्याकडे बघत होते. आणि माझ्याकडे कुणीच —

सोमवार, ता. २४, सकाळ

विचार केला. लेक घरी येणार नाही. ओढून आणलेली ती नव्हेच.

पण ओळीत जागा आहे. तिच्या उजव्या हाताला. तिथे बसलं तर खांद्याला खांदा लागेल. ओळखलं नाही तरी चालेल. मी ओळखेन ना. माझ्याजवळ असेल. मावशीपेक्षा जवळ.

ठमीला मिळतं, त्या म्हाताऱ्याला मिळतं, मग मला का नको —

जाते. वही बरोबर घेते, म्हणजे सगळं लक्षात —

सोमवार, ता. २४, दुपार

हात थंड नसतो. मला उगाच वाटायचं. कोमट असतो.

आता बरं आहे. ऊन छान आहे. वहीची मागची पानं चाळली, कुणाचं तरी अक्षर आहे, फार त्रासात होती बिचारी. इतकं जळण्यासारखं काय होतं?

मावशी अजून खिडकीत आल्या नाहीत. येतील.

माझ्या शेजारी एक मुलगी बसली आहे. सात-आठ वर्षांची असेल. गुडघ्यावर खपली धरली आहे. वेणी सुटली आहे, सकाळपासून कुणी घातलेली दिसत नाही. कुणाची आहे कोण जाणे. घरचे शोधत असतील. कुणीतरी तिच्या आईला कळवायला हवं.

मी तिला विचारलं, बाळ, तुमची आई कुठे असते? तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि ओठ हलवले, जणू काही तिला —