बुडायचं काम

प्रिय चिमणे,

काल तलावावर तुम्हा शिकाऊ पाणबुड्यांची बचावाची परीक्षा झाली. बुडायचं काम, म्हणजे बुडणाऱ्याचं सोंग घ्यायचं, नेहमीसारखं माझ्याकडेच होतं. मला पाहून तुझं तोंड एवढंसं झालं. माझा जन्म ओल्या कपड्यांत गेला, म्हणून तुला तरी कोरड्यातली नोकरी मिळावी, एवढंच मी म्हणाले होते. त्यावरून तू वर्षभर अबोला धरलास. हा हट्टीपणा कुणाकडून आला, ते मी सांगायला नको.

पण नियम म्हणजे नियम. बुडणाऱ्याला ओढून आणताना त्याच्याशी सतत बोलायचं, गप्प बसलं की नापास. तू माझ्या जाकिटात हवा भरलीस, कमरेचा शिशाचा वजनदार पट्टा सोडलास आणि मला उताणं करून ओढू लागलीस.

"घाबरू नका, मी आहे. घाबरू नका, मी आहे."

सर काठावरून ओरडले, "पोपटपंची नको, नीट बोला!"

तेव्हा तू हळूच विचारलंस, "आई, गुडघा दुखतो का गं अजून?" मग जी सुटलीस, ती थांबेचना. तुझी खोली, खडूस घरमालकीण, रोज करपणारी भाजी, सगळं सांगितलंस. शेवटी काठाची शिडी धरून धापा टाकत म्हणालीस, "केवढी जड झालीस!"

हे पत्र मी पाठवणार नाही. सरांना कळलं, तर माझं बुडायचं काम जाईल. मी जड झालेले नाही, चिमणे. शिडी जवळ यायला लागल्यापासून मी पाण्याखाली दोन्ही हातांनी उलटं वल्हवत होते.

तुझी,
आई