नोर्लीसच्या नावातला तुमचा वाटा

जावईबापू नोर्लान यांस,

सासू युफेमियाचे आशीर्वाद. (जावई म्हणावं की माजी जावई, हे दायलीसने चार वर्षांत मला स्पष्ट सांगितलेलं नाही, म्हणून जुनीच पाटी चालू ठेवते.) तिकडे माँतेविदेओच्या थंडीत अंगात काही गरम घालत असाल आणि ज्या कुणाच्या हातचं जेवता ती मीठ बेताचं टाकत असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही बरे आहोत. माझे गुडघे बरे नाहीत, पण त्यांना कोण विचारतो? वीज दुपारी चार तास नसते, आणि असते तेव्हा पंखा चालत नाही. हे पत्र शेजारच्या ओनेइदाच्या हाती पाठवते आहे. ती तिकडे बहिणीकडे येते आहे, वीस तारखेला परत निघेल. तुमचा फोन नंबर बदलला, तो आम्हाला कळवायचा राहून गेला असावा.

पत्रास कारण की, दायलीसला तुमच्या पोरीच्या, नोर्लीसच्या, नावातून तुम्हाला काढून टाकायचं आहे.

नाव कसं ठरलं ते तुम्हाला आठवत असेलच. माझ्या वेळी असली कटकट नव्हती. मी जन्मले त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ज्या संतिणीचं नाव होतं ते मला चिकटलं, आणि आवडतं का म्हणून साठ वर्षांत कुणी विचारलं नाही. आता मात्र आईबापांची नावं मधोमध कापायची आणि एक एक तुकडा जोडून पोरीच्या गळ्यात घालायचा. नोंदणी कचेरीच्या खिडकीत बसून तेहतीस वर्षं मी ही शिवणकामं वहीत उतरवते आहे. तुम्ही दोघं आलात तेव्हा पुढचा ‘नोर’ तुमचा आणि मागचा ‘लीस’ तिचा. तुमचाच पुढे का, असं मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, ‘‘सासूबाई, इंजिन पुढेच असतं.’’ (इंजिन गेलं. डबे माझ्या घरी उभे आहेत.)

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी काही बोलले नसते. पण नाव लोकांना आवडलं. पुढच्याच महिन्यात एक बाई खिडकीशी आली आणि अर्थ काय म्हणून विचारू लागली. रांग मोठी होती, मी कंटाळले होते, म्हणून सांगून टाकलं की कुठल्याशा जुन्या भाषेत याचा अर्थ ‘शब्द पाळणारी’ असा होतो. (तेव्हा माझा तुमच्यावर विश्वास होता.) झालं, गावात साथ पसरली. आज आमच्या या एवढ्याशा गावात चौदा नोर्लीस आहेत, पहिलीच्या एकाच वर्गात तीन. पलीकडच्या आळीतल्या फेर्मीनने तर डुकरिणीचंही नाव तेच ठेवलं होतं. नाताळात तिला भाजलं तेव्हा ताट आमच्याकडेही आलं. दायलीसने दोनदा वाढून घेतलं.

गेल्या महिन्यात पावाच्या रांगेत कुणीतरी दायलीसला म्हणालं की काय गोड नाव शोधलंस गं. तिचं डोकं फिरलं. ‘‘त्यातलं अर्धं त्या पळपुट्याचं आहे,’’ असं ती भर रांगेत ओरडली. रांगेत ट्रॅक्टरवाला एवेलिओ उभा होता. तो पाव न घेताच घरी गेला आणि आपल्या मुलीच्या नावात परक्या पुरुषाचा तुकडा कसा काय, असं त्याने बायकोला विचारलं. ती बिचारी या गावात आली तीच तुम्ही गेल्यानंतर. तिने तुमचं तोंडही पाहिलेलं नाही, पण एवेलिओला ते पटवायला आठ दिवस लागले, आणि ते काम मलाच करावं लागलं. मग इतर बापही आले. कुणी म्हणे ‘नोर’ काढा, कुणी म्हणे माझा तुकडा बसवा. एकाने तर नुकसानभरपाई म्हणून तुमची सायकल मागितली. (देऊन टाकली. चेन नव्हती.) मी आता थकले आहे, जावईबापू. तुम्ही सबंध असतानाही मला झाला नव्हता, एवढा त्रास तुमच्या अर्ध्या नावाने दिला.

तर दायलीसचं म्हणणं असं, की ‘नोर’ जाऊन तिथे माझ्यातला ‘युफे’ यावा. युफेलीस. साठ वर्षांत प्रथमच कुणाला माझं नाव हवंसं वाटतं आहे, तेव्हा मी नाही कशी म्हणणार? आईबाप दोघांची सही लागते. फॉर्म सोबत आहे. दायलीसची सही झाली आहे, तुमची जागा पेन्सिलने फुली करून दाखवली आहे. ओनेइदाकडे परत द्यावा. बाकी सर्व क्षेम. दायलीसच्या थोरल्या जोसेफा आत्यांची आठवण झाली म्हणून सांगते, त्या गेल्या.

आपली,
युफेमिया

ता. क. इथपर्यंतचं दायलीसने वाचलं, ‘पळपुट्या’ शब्द आणखी ठळक करून घेतला आणि ती पाळीवर गेली. पुढचं माझं आहे.

सही करू नका. काहीच न करणं तुम्हाला उत्तम जमतं, म्हणून हे काम मोठ्या भरवशाने सोपवते आहे. परवा मी पोरीला जवळ घेऊन विचारलं की नाव बदललं तर चालेल का. ती म्हणाली, ‘‘नको आज्जी. वर्गातल्या त्या दोघींच्या नावात पपा उगाचच आहेत. माझ्याच नावात खरे आहेत.’’ युफेलीस राहू द्या, ऐकायलाही बरं लागत नाही.

ता. क. २. आता एक गोष्ट मात्र करावी लागेल. पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला ती सात वर्षांची होते. ओनेइदाच्या हाती चार ओळी द्या, खोटं काही लिहू नका, येतो वगैरे तर मुळीच नको. पाकिटावर तिचं पूर्ण नाव तुमच्याच हाताने घाला. तिला आता वाचता येतं.