मामाच्या होकाराची वाट

४ ऑगस्ट

आजपासून मी, वायसन कालितेरा, जिल्हा रुग्णालयाचा 'डिजिटल आपत्कालीन समन्वयक'. कालपर्यंत वाहन विभागात कारकून होतो, पण ती कालची गोष्ट. राजधानीतल्या, लिलाँग्वेच्या, संस्थेने तळ्याकाठच्या हॉटेलात प्रशिक्षण दिलं, टोपी दिली आणि 'थमांगा' नावाचं ॲप दिलं. थमांगा म्हणजे पळ. गावातल्या आरोग्यसेविकेने बटण दाबायचं, इथे माझ्या पडद्यावर लाल ठिपका लुकलुकणार, अँब्युलन्स सुटणार. पोरखेळ!

संकल्प : वर्ष संपायच्या आत सगळ्या मलावीत आपल्या जिल्ह्याचं नाव झालं पाहिजे. (माझं ओघाने होईलच.)

ड्रायव्हर फुलातिराला सगळं नीट समजावून सांगितलं. ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, साहेब, यातून डिझेल कुठून निघतं? या माणसाची मला शिसारी येते. अँब्युलन्समधून कोळशाची पोती वाहतो आणि वर पेशंटला सांगतो, पोत्याला टेकून बसा, आराम पडेल.

६ ऑगस्ट

गावाहून आईचा फोन. धाकट्या बहिणीचे, तादालाचे, दिवस भरत आलेत. मागच्या खेपेला ऑपरेशन करून मूल काढावं लागलं होतं. म्हणून नर्स म्हणते, घरी कळा सुरू झाल्या तर जिवावर बेतेल, आत्ताच येऊन रुग्णालयाशेजारच्या निवाऱ्यात राहा. आईने विचारलं, पाठवू का?

विचारणारच. थोरला भाऊ मी, म्हणजे तादालाच्या मुलांचा मामा. आमच्यात बहिणीच्या घरातला निर्णय मामाचा. तिच्या नवऱ्याला, लायटनला, कोण विचारतंय? बायकोच्या गावी येऊन राहिलेला जावई तो. कुंपण नीट ठेवलं की त्याचं काम संपलं.

निवारा बघून आलो. किळस! डोळे चुरचुरतील इतका धूर, भिंतीला ढेकूण, आणि एकाच चुलीभोवती पोटुशा बायकांची मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळण्यावरून भांडणं. समन्वयकाची सख्खी बहीण इथे? लोक म्हणतील, याचाच याच्या ॲपवर विश्वास नाही.

नाही म्हणून कळवलं.

९ ऑगस्ट

पहिली चाचणी. ठिपका लागला! अँब्युलन्स धावली! मीही आत. पोचलो तर सेविका बाई टोमॅटोच्या टोपल्या घेऊन रस्त्यात उभी. आज बाजार होता म्हणे. झापलं, तर मलाच म्हणते, 'तुम्हीच सांगितलंत ना, एकदा दाबून बघा म्हणून?' टोमॅटो आत चढवूनही झाले होते.

दुपारी दुसरा ठिपका. त्या गावात वीज नाही, म्हणून सेविकेने फोन चार्जिंगला न्हाव्याकडे ठेवलेला. गिऱ्हाईक नसलं की न्हावी बटण दाबतो. गाडी आली की बरं वाटतं म्हणे.

या लोकांसाठी काही करण्यात अर्थ नाही. तरी करतोय.

१३ ऑगस्ट

आज मला जे सुचलं ते लिलाँग्वेतल्या कोणाच्या बापाला सुचलं नसतं.

तक्रार अशी की अँब्युलन्स पोचते, पण बाईला गाडीत घालायला कोणी धजत नाही, कारण मामा शेतावर नाहीतर गुत्त्यावर. मामाच्या शब्दाशिवाय हलवायचं कसं? गाडी रिकामी परत, डिझेल फुकट. यावर माझा तोडगा : सेविकेने बटण दाबलं की आधी मामाच्या फोनवर संदेश जाईल. मामाने 'होय' दाबलं की मगच गाडी सुटेल. संस्कृतीचा मान, डिझेलची बचत.

संस्थेची इंजिनियर बाई फोनवर कुरकुरली, मामाने दाबलंच नाही तर? मी हसलो. म्हटलं, बाई, तुम्ही शहरातल्या. बहीण अडली असताना फोन बघणार नाही असा मामा आमच्याकडे जन्मायचाय.

आमच्या मोठ्या डॉक्टर म्हांगो बाईंनी मात्र तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, 'वायसन, बाई अडलेली आहे की तिचं लग्न ठरवायचंय?' सही केली तरी. जेवायची घाई होती.

१७ ऑगस्ट

आई स्वतः आली. मक्याच्या गाडीवर बसून, अंगभर पीठ. आल्या आल्या सुरू. म्हणाली, तादालाचे पाय सुजलेत, तिला रात्रीची झोप नाही, तू एक 'हो' म्हण, मी आजच आणते. मी शांतपणे ॲप दाखवलं. पडद्यावर आमचं गाव रुग्णालयापासून अंगठ्याएवढ्या अंतरावर आहे, तेही दाखवलं. आई म्हणाली, तुझ्या त्या फोनला दिवस गेले असते ना, तर उचलून नेऊन ठेवला असतास निवाऱ्यात!

अडाणी माणसाशी वाद घालू नये. टोपी भेट दिली. तिने तिथल्या तिथे त्या टोपीने धरून चुलीवरचं भांडं उतरवलं.

मग तादालाचा फोन. 'दादा, मला भीती वाटते रे.' मी म्हटलं, वेडाबाई, तू या जिल्ह्यातली सगळ्यात सुरक्षित बाई आहेस. तुझा भाऊ कोण आहे?

तिने फोन ठेवला. पटलं असावं.

(फक्त माझ्यासाठी : २४ला ॲप बघायला परदेशी पाहुणे येताहेत. तादालाची वेळही त्याच सुमारास. त्याच दिवशी तिचा ठिपका लागला तर! पण मी काही त्यासाठी तिला थांबवलेलं नाही.)

२१ ऑगस्ट

अँब्युलन्स घासूनपुसून लख्ख केली. आता समारंभापर्यंत हलवायची नाही असा हुकूम काढला. लगेच पाय मोडलेला एक माणूस उपटला! त्याला सायकल टॅक्सीवरून पाठवलं. जाताना त्याने माझ्या आईचा उद्धार केला. लोकांना स्वच्छतेची कदरच नाही.

२४ ऑगस्ट, सकाळी

सूट घातला. फुलातिराने गाडीला रिबिनी बांधल्या. घरून फोन नाही, म्हणजे सगळं ठीक.

सर्वांनी फोन बंद करून माझ्या टेबलाच्या खणात ठेवावेत अशी सूचना दिली. मागच्या वेळी पाद्रीबाबांच्या प्रार्थनेत कोणाचा तरी फोन नाचाचं गाणं म्हणाला होता. शी! पहिला फोन मी ठेवला. पुढाऱ्याने आधी स्वतः करून दाखवावं.

२४ ऑगस्ट, संध्याकाळी

 

प्रार्थना झाली. भाषणाला उभा राहिलो. मागे मोठा पडदा. 'मामा हा आपल्या समाजाचा कणा' या वाक्यावर सगळे माझ्या मागे बघू लागले. मला वाटलं, भाषण चढतंय. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. वळून पाहिलं तर पडद्यावर लाल ठिपका, खाली अक्षरं : 'मामाच्या होकाराची वाट पाहत आहे'. मी खूश. म्हटलं, पाहुणेहो, हे नाटक नव्हे, खरी केस!

ठिपका लुकलुकत राहिला. अक्षरं तीच. पाहुण्या बाईंनी विचारलं, एवढा वेळ हा मामा काय करतोय? मी म्हटलं, काय सांगू बाई, हेच आमचं दुखणं. असले बेजबाबदार पुरुष! बहीण तिकडे मरतेय आणि हे कुठेतरी बडबडत बसले असतील.

म्हांगो बाई उठून पडद्याजवळ गेल्या. वळून मला म्हणाल्या, 'वायसन, खाली गावाचं नाव वाच.'

वाचलं.

खणाला कुलूप. किल्ली माझ्याच खिशात, पण खिसा काही केल्या सापडेना. नवा सूट. मग फोन चालू व्हायला वेळ लागला, तोवर त्याने मला कंपनीची फुलं दाखवली. 'होय' दाबलं. पडदा हिरवा झाला. टाळ्या!

गाडीत पाहुण्यांच्या खुर्च्या रचलेल्या. तशाच घेऊन निघालो, रिबिनी फडफडत. वाटेत समोरून कोबीचा ट्रक, भोंगा दाबत, रस्ता अडवत. वर बसलेली एक म्हातारी मूठ उगारून ओरडत होती. मला संताप आला. अँब्युलन्सलाही बाजू देत नाहीत! फुलातिराला म्हटलं, सायरन वाजव, घाल गाडी. त्याने ट्रकला शेतात उतरवलं आणि आम्ही पुढे.

गावात पोचलो. घरात कोणी नाही. लायटन कुंपणापाशी उभा होता. म्हणाला, तुम्हाला वाटेत कोबीचा ट्रक नाही दिसला?

२५ ऑगस्ट

मुलगी झाली. दोघी जिवंत. म्हणजे गाजावाजा करण्यासारखं काही घडलेलंच नाही.

आईने बरीच वाट पाहिली. मग माझ्या धाकट्या भावाकडे, येसायाकडे गेली. मी नाही तर तोच मामा. हा इसम आंब्याखाली झोपलेला. आईने विचारलं, नेऊ का हिला? तो म्हणाला, 'जायचं तर जा की,' आणि कुशीवर वळला. एवढंच केलं त्याने! आई ट्रकला आडवी गेली, तादालाला कोबीवर निजवलं.

म्हांगो बाई सगळ्या वॉर्डासमोर म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर पिशवी फाटली असती, आणि मध्ये कोणीतरी ट्रक शेतात घालायला लावला नसता तर आणखी लवकर झालं असतं. मी समजावलं की ॲपमध्ये काही बिघाड नव्हता. प्रत्येक गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली.

तादालाला भेटलो. तिने भिंतीकडे तोंड केलं. भूल उतरत असेल.

२ सप्टेंबर

होकाराची पायरी ॲपमधून काढली. मलाही काढलं. परत वाहन विभागात, टायर मोजायला. पाहुण्यांनी पत्रात लिहिलंय की ॲप चांगलं आहे. माझा उल्लेख 'स्थानिक अडचणी' या सदरात. तादाला माझा फोन घेत नाही. नेटवर्क!

१६ सप्टेंबर

बारशाला गावी गेलो. सूट घालून. मुलीला मांडीवर घ्यायचं, नाव पुकारायचं, हे मामाचं काम. मी आत शिरलो तर मधल्या चटईवर येसाया. जांभया देत. मुलगी त्याच्या मांडीवर.

आई म्हणाली, वायसन, तू तिकडे बस.

तिकडे म्हणजे बकऱ्यांच्या गोठ्याशेजारी, जावयांच्या चटईवर. लायटन सरकला, मला जागा दिली. पहिल्यांदाच कोणाला तरी जागा देता आली म्हणून हरखला होता.

तादाला वाढायला आली. कोंबडीचा पेठा, पोटातला तो मांसल तुकडा, आमच्यात घरच्या कर्त्या मामाच्या ताटात पडतो. मी ताट पुढे केलं. तिने माझ्याकडे न बघता पंजा वाढला आणि पुढे गेली.

लायटन हळूच म्हणाला, चोखून खा. नखं आधी काढ.