आप्पाच्या मशीनची फ्लॉपी

३ नोव्हें., सोम.
पेपरात आप्पाचा फोटो. ज्या छापखान्यात मी एकोणीस वर्षं डीटीपी केलं, त्याचे मालक. रविवारी सत्कार हाय. बीडच्या लग्नपत्रिकांवरल्या सुंदर अक्षराचे जनक. जनक म्हणे! अ पासून ज्ञ पर्यंत एकेक अक्षर मी काढलंय, मनगट सुजलं तरी. आप्पाला अजून कळफलकावर अ सापडत न्हाई. डोकंच फिरलं. भाकरी करपली.

४, मंगळ.
छापखान्यात गेलते. म्हणले, जुन्या मशीनमधी माझ्या मूळ फाइली हायत, माझ्या नावानं. दाखवते, मग सत्कारात माझं नाव घ्या. आप्पा हसले. "शोभा, ते मशीन मेलं कवाच. चालू करून दाखव, घेतो नाव. पण स्क्रू खोलायचा न्हाई. आतली डिस्क बदलशील." चोर समजतात मला.

५, बुध.
मशीन दुरुस्त करणारे गफूरभाई सोबत आले. विंडोज उडालंय. विंडोजची सीडी घातली तर मशीन तिच्याकडं बघंना. "बाई, बुड्ढी मशीन हय. सीडी से सीधी उठतीच नै. पयले फ्लॉपी डालो, वो सीडी को जगाती." आता फ्लॉपी कुठं मिळणार? त्यांच्या माळ्यावर अकरा निघाल्या. दहा खराब. एक चालती, ती मला देऊन टाकली.

६, गुरु.
फ्लॉपी अर्धी जाते, अडकते. मी आप्पावर ओरडले, मुद्दाम कोंबलंय काहीतरी! गफूरभाईंनी चिमट्यानं काढलं. कुंकवाचे खडे, हळद, तांदूळ, आपट्याचं अर्धं पान. दसऱ्याला मशीनची पूजा मीच करायचे. त्या फटीलाच कुंकू लावायचे दरसाल, मशीनचं तोंड म्हणून. आप्पा नुसते बघत बसले. त्याचाच लई राग आला.

८, शनि.
चालू झालं!! आधी फ्लॉपी घरघरली, मग सीडी फिरली. पडद्यावर शोभा-क, शोभा-ख, शोभा-ग... रांगच. रडले मी, खोटं कशाला लिहू. पेनड्राइव्ह काढला तर आप्पानं हात आडवा घातला. "बघितलं. नाव तुझं असंल. मशीन माझं, पगार मी दिला. मग अक्षर तुझं कसं?" गफूरभाई खाली बघत होते. आप्पानं बटण दाबून बंदच केलं. मी फ्लॉपी काढली, पर्समधी टाकली. दर खेपेला तिच्याबिगर मशीन उठतच न्हाई.

९, रवि.
सत्कार झाला. शाल, नारळ, भाषण. माझं नाव न्हाई. मेल्याची जीभ कशी झडत न्हाई!

११, मंगळ.
आप्पाचा फोन. सत्काराला पुण्याचे कुणी आलते, त्यांना प्रदर्शनात मूळ फाइली लावायच्यात. "ती फ्लॉपी दे पाठवून. मशीनची हाय ती."
म्हणलं, मशीन तुमचं. फ्लॉपी माझी.
"कावून असं करतीस? आपण घरच्यासारखे."
घरच्यासारखे! ठेवून दिला फोन.
गफूरभाई म्हणतात, स्क्रू खोलून डिस्क काढली की फ्लॉपी लागतच न्हाई. आप्पाला अजून कुणी सांगितलं न्हाई हे. आज न्हाई तर उद्या सांगतीलच. तोवरच माझं चालतंय.
दुपारपास्नं तीनदा वाजला. आता परत वाजतोय. एकच काहीतरी देईल आप्पा, दोन्ही न्हाई. फाइली मागू, का प्रदर्शनात नाव?