गोळी, सलाईन आणि माझी शीळ

१० नोव्हेंबर

शीळ वाजेना! चहा टाकताना सवयीनं ओठ गोळा केले, तर डावीकडून नुसती हवा. आरशात बघितलं — तोंड उजवीकडं ओढलेलं, डावा डोळा मिटत नाही. नवऱ्याला, प्रीतमला, आधी वाटलं, मी वेडावून दाखवतेय. मग त्याचंच तोंड पडलं.

१६ नोव्हेंबर

निदान झालं — लाइम, गोचीड चावून होणारा आजार! सप्टेंबरात कंपनीनं जर्मनीला ट्रेनिंगला धाडलं, सुट्टीच्या दिवशी रानात फिरले, तिथं चावली असणार तिळाएवढी गोचीड. सासूबाई म्हणाल्या, आमच्या म्हशींना रोज चावत्यात, एकीचं तरी तोंड वाकडं झालंय का!

थेरगावचे डॉक्टर म्हणतात दाखल व्हा, तीन आठवडे शिरेतून औषध. पिंपरीच्या डॉ. सादिका म्हणतात गोळ्या पुरे. पाठीतलं पाणी तपासलंय, मेंदूपर्यंत काही गेलेलं नाही, फक्त चेहऱ्याची नस धरलीय.

सासूबाई अर्थातच सलाईनवाल्या. आमच्या चिखलीत सर्दीलाही बाटली टांगतात, मग परदेशी रोगाला गोळ्या म्हणजे अपमानच की!

मलाही टरकली आहे. तोंड जन्मभर असंच राहिलं तर?

१७ नोव्हेंबर

डॉ. सादिकांना सरळ विचारलं, तुमची बहीण असती तर? त्या म्हणाल्या, "तिलाही गोळ्याच दिल्या असत्या. सुईतून गेलं म्हणून औषध जास्त शहाणं होत नाही."

ठरलं. गोळ्या!

घरी मात्र तह करावा लागला. गोळ्या संपेपर्यंत शीळ आली नाही, तर सासूबाई म्हणतील तिथं दाखल व्हायचं. आणि हीच बाई आठ वर्षं माझ्या शिळेवर खेकसतेय — बाईमाणसाच्या शिळेनं लक्ष्मी जाते म्हणून!

२२ नोव्हेंबर

घोटाळा. गोळी गरम पडती म्हणून सासूबाई रोज गोळीसोबत पेलाभर दूध पाजत होत्या, मीही मुकाट पीत होते. डॉ. सादिका ऐकून कपाळाला हात लावून बसल्या. दुधानं हे औषध अंगी लागत नाही नीट! पाण्याबरोबर घ्या, दूध दोन तासांनी.

सासूबाईंचा चेहराच उतरला. संध्याकाळपासून पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः पहाऱ्याला उभ्या.

२९ नोव्हेंबर

काही फरक नाही. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये डाळ हनुवटीवरून ओघळली, समोरच्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. बाथरूममध्ये जाऊन रडले.

५ डिसेंबर

डोळा मिटला!!

डॉ. सादिका म्हणाल्या, जंतूंचं काम गोळ्या करतायत, नस तिच्या चालीनं येईल, शिळेची घाई नको. त्यांना काय माहीत आमच्या घरचा तह! प्रीतम म्हणतो, मी आईला समजावतो. आजवर कधी समजावलंय यानं?

७ डिसेंबर

आली!! आली आली आली!

शेवटची गोळी घेतली, चहा टाकला, भीत भीत ओठ गोळा केले — फाटकी, हवा जास्त, पण शीळ! सासूबाई शेणाच्या हातानं गोठ्यातून तशाच आल्या. मी पटकन ओठ मिटले. आठ वर्षांची सवय.

"थांबलीस का? पुन्यांदा घाल."

घातली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, धूर लई झालाय. गॅसच्या शेगडीला कसला धूर! डॉ. सादिकांना फोनवर ऐकवली, त्या खळखळून हसल्या. सलाईन हरलं. गोळी जिंकली. मी जिंकले!

९ डिसेंबर

पहाटे शिळेनं जाग आली. खणखणीत, दोन बोटं तोंडात घालून मारतात तशी. मी अंथरुणात, प्रीतम शेजारी घोरतोय. खिडकी उघडली तर गोठ्यात सासूबाई! मला बघून पदर सावरला.

"लग्नाआधी मावळात म्हशी राखायचे. तुझी तर कायबी न्हाई."